भोराकडची वायर

मार्गासनीच्या चढावर चिमाजीची मोटार दोन गचके देऊन बसली. मोटार काय, महिन्यातून एकदा रुसायचीच. पण आज तिच्यात वेल्ह्याचा ज्ञानू पैलवान बसला होता. भोरच्या आखाड्यात यंदा पहिल्यांदाच त्याची जोड ठरली होती. सकाळी तो गावच्या बैलगाडीतून निघाला होता. चिमाजीनंच छाती फुगवून त्याला उतरवून घेतलं, म्हणाला, माझ्या मोटारीतून राजासारखा चल. आता कुस्तीची वेळ टळली तर गावात तोंड कुठं दाखवायचं?

झाकण उघडलं तर चारही प्लग तेलानं काळेकुट्ट. ते पुसायचे तर आधी त्यांच्या वायरी काढायच्या, आणि वायरींची अदलाबदल झाली की इंजिन जागचं हलत नाही. चिमाजीनं डोकं लढवलं. धोतराच्या चिंध्या फाडल्या, कोळशानं त्यांवर आपल्या रस्त्यावरची गावं लिहिली आणि एकेका वायरीला बांधली. मोटारीचं तोंड भोराकडं, म्हणून सगळ्यात पुढच्या वायरीला भोर, मग नसरापूर, मार्गासनी आणि शेवटी वेल्हे. आपल्या अकलेवर स्वारी भलतीच खूश झाली.

तो बांधावर बसून प्लग घासत होता, तोवर ज्ञानूनं शेतातली माणसं बोलावून मोटार फिरवून ठेवली. ढकलून चालू करायची तर उतार वेल्ह्याच्या अंगाला होता. प्लग बसले. घाईघाईनं ज्ञानूनंच वायरी लावल्या, भोरची वायर भोराच्या बाजूला, वेल्ह्याची वेल्ह्याच्या. सगळ्यांनी जोर लावला. मोटारीनं बंदुकीसारखा बार काढला आणि ढकलणारी माणसं शेतात पळाली.

ज्ञानूचा चेहरा पार उतरला. सूर्य कलला होता. चिमाजीनं एकेक चिंधी वाचली, पुन्हा वाचली. सगळी गावं जागच्या जागी होती. मग त्याची नजर रस्त्यावर गेली आणि तो खो खो हसत सुटला.

"ज्ञानबा, आरं मोटार फिरली, भोर कुठं फिरलं? नाकाकडची वायर तू शेपटाला लावलीस की."

वायरी काढून उलट्या क्रमानं लावल्या. पळालेली माणसं परत आली. उतारावर मोटार थरथरली, खोकली आणि अशी गरजली की ज्ञानूनं चालत्या गाडीतच कुस्तीसाठी सदरा काढला. खालच्या खळ्यात चिमाजीनं तिला गर्रकन वळवलं आणि चढ एका दमात मारला. उशीर झाला होता, पण मजाही येत होती.

भोरात शिरले तेव्हा हलगी कडाडत होती. आखाड्यात समोरचा गडी एकटाच उभा होता आणि पंचांनी निकाल द्यायला हात वर केला होता. चिमाजी मोटार थांबवून बाकावर उभा राहिला.

"थांबा, येल्ह्याचा गडी आलाय."

हजारो माना वळल्या. ज्ञानू गर्दीच्या डोक्यांवरून हातोहात पुढं गेला, मातीत उतरला, तेलकट हातांवर माती चोळली आणि त्यानं शड्डू ठोकला. चिमाजीचे डोळे भरून आले. पण शिट्टी मारायला त्याची बोटं आधीच तोंडात गेली होती.