डावखुरी मूठ

मी एक पिस्तूल बोलतेय. दचकू नका. मी आजवर कोणाला ओरखडासुद्धा काढलेला नाही. माझं सारं वैर कागदावरच्या एका काळ्या ठिपक्याशी, आणि तेही पन्नास फुटांवरून. आमच्या बर्च लेक गावात हिवाळा सहा महिने ठाण मांडून बसतो. तळं गोठलं की करायला दुसरं काही उरत नाही. मग दर शुक्रवारी माणसं क्लबच्या तळघरात जमतात, एका हाताने नेम धरून कागदाला भोकं पाडतात आणि नंतर वरच्या हॉलमध्ये तळलेल्या मासळीवर ताव मारत एकमेकांची उणीदुणी काढतात.

मी कारखान्यात जन्मले तेव्हा मला नळी बसवली, चाप बसवला आणि शेवटी उजव्या पंजाला बसेल अशी मूठ बसवली. घेणारा कुठल्या हाताचा आहे, हे कोणीच विचारलं नाही. उजवाच असणार, दुसरं काय? मोठ्या माणसांची ही सवयच आहे. जे ठरवून टाकलंय त्याबद्दल ती विचारत नाहीत.

माझ्यात एक खोड मात्र राहून गेली. गोळ्यांचं मॅगझिन बाहेर काढायचा खटका इतर पिस्तुलांना डाव्या अंगाला, अंगठ्याजवळ असतो. माझा मुठीच्या तळाशी आहे. माझा पहिला मालक दातांचा डॉक्टर होता. त्याला ते कधीच रुचलं नाही. "आजीच्या काळातलं यंत्र," असं म्हणत त्याने मला वांडाबाईंच्या शिकारी सामानाच्या दुकानात आणून टाकलं. तिथे मासेमारीच्या गळांच्या डब्यामागे मी पाच हिवाळे पडून होते.

एका सकाळी मारिट आली. बावीस वर्षांची, नुकती कॉलेजातून घरी परतलेली, डाव्या हाताची. सोबत तिचे आजोबा एल्डन. क्लबात एल्डनचा शब्द म्हणजे नियम.

"तिला उजव्या हाताचंच काहीतरी दाखव," एल्डन म्हणाले. "मी चाळीस हिवाळे लोकांना शिकवतोय. हात काय, सवय लावू तसा वागतो."

"मग आज सूप डाव्या हाताने प्या," मारिट म्हणाली. "सवयच तर लावायची आहे."

वांडाबाई हसल्या. त्यांनी मारिटला दोन्ही पंजे जुळवून मधे छोटं भोक ठेवायला सांगितलं आणि त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायला लावलं. मग हात हळूहळू तोंडाजवळ आणायला सांगितले. भोक आपसूक डाव्या डोळ्यावर येऊन थांबलं.

"नेम धरणारा डोळाही डावाच," वांडाबाई म्हणाल्या. "एल्डन, आता डोळाही बदलून आणतोस का तिचा?"

मग निवड सुरू झाली. पहिलं आलं एक देखणं रिव्हॉल्वर. त्याचं चक्र उघडायचं बटण डाव्या अंगाला, आणि मारिटचा अंगठा उजव्या अंगाला. दुसरं पिस्तूल कोरं करकरीत होतं, पण त्याचा खटका दाबायला तिला दर वेळी पकड सोडावी लागे. तिसरी मी. तळाचा खटका कोणत्याही हाताला सारखाच. ज्या खोडीपायी मला हाकललं होतं, तिच्यापायीच वांडाबाईंनी मला धूळ पुसून पुढे केलं. अडचण एकच होती, मूठ. तिच्या हातात ती म्हणजे डाव्या पायात उजवा बूट.

"मूठ बदलता येते," वांडाबाई म्हणाल्या. "अक्रोडाचं लाकूड मी देते. तुझे आजोबा लाकडाची बदकं कोरतात ना? लाव त्यांना कामाला."

एल्डननी मानेनेच होकार दिला. तो होकार जिवावर येऊन दिलेला होता, आणि का ते गावात सगळ्यांना माहीत होतं. राज्याच्या स्पर्धेला क्लबातून चौघेच जातात. तिघं ठरलेले होते. चौथी जागा एकतीस वर्षं एल्डनची होती, आणि यंदा त्याच जागेसाठी मारिटने नाव दिलं होतं. फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी दोघं शेजारी उभे राहून नेम धरणार, ज्याचे गुण जास्त तो जाणार.

एल्डननी तिचा डावा पंजा जाड कागदावर ठेवून पेन्सिलीने आखून घेतला, कागद कापला आणि चार दिवस खाली मान घालून लाकूड कोरलं. शनिवारी त्यांनी ती मूठ मला बसवली. मारिटने मला डाव्या हातात धरलं. बोटं कुठेच बसेनात. तिने मला उजव्या हातात घेतलं, आणि मी त्यात चपखल बसले.

"ही उजव्या हाताची आहे," ती म्हणाली.

"कशी असेल? तुझ्याच पंजाचा कागद होता."

"तुम्ही मुद्दाम केलंत. जागा जाईल म्हणून."

एल्डनचे कान लाल झाले. "चाळीस वर्षं बदकं कोरली," ते पुटपुटले. "बदकाला डावं-उजवं नसतं."

मला खरं ठाऊक होतं. मी त्यांच्या बाकावरच होते. कापलेला कागद लाकडावर ठेवताना पालथा पडला, आणि पालथा पडलेला डावा पंजा हुबेहूब उजवा दिसतो. पण पिस्तुलाची साक्ष कोण काढणार? एल्डननी दोन रात्री जागून दुसरी मूठ कोरली आणि ती बसवून मला तिच्या टेबलावर ठेवलं. ती मूठ तिच्या डाव्या पंजात अगदी चपखल बसली. मारिटने ती वापरली, पण आभार मानले नाहीत. आजोबा पकडले गेले म्हणूनच त्यांनी दुसरी केली, असं तिच्या मनात पक्कं बसलं. महिनाभर दोघं फक्त "मीठ द्या" आणि "दार लाव" एवढंच बोलत होते.

शेवटचा शुक्रवार आला. नेम धरणारे एका रांगेत उभे राहतात. उजव्या हाताचा माणूस उजवा खांदा पुढे करतो, त्यामुळे प्रत्येकाला पुढच्याची फक्त पाठ दिसते. मारिटने डावा खांदा पुढे केला आणि ती थेट उजवीकडच्या एल्डनच्या समोर आली. एवढ्या वर्षांत रांगेत कोणी त्यांच्या तोंडासमोर उभं राहिलं नव्हतं.

"अशी बघत राहू नकोस माझ्याकडे," ते म्हणाले.

"मी ठिपक्याकडे बघतेय. मधे तुम्ही येताय."

शेवटच्या फेरीपर्यंत दोघं बरोबरीने चालले होते. दहा सेकंद, पाच गोळ्या. आणि इथे चूक माझी झाली. तिसऱ्या गोळीनंतर तिची रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या ऐवजी माझ्या फटीतच अडकली. असं झालं की नियम सरळ आहे: पिस्तुलाशी झटापट करायची नाही, वेळ संपायच्या आत मोकळा हात वर करायचा, मग ती फेरी पुन्हा मिळते. मारिटने उजवा हात वर केला. पंच चेस्टर रांगेच्या डाव्या टोकाला, दिव्यांच्या बटणांजवळ स्टूल टाकून बसलेले. चाळीस वर्षं त्यांनी वर होणारे डावे हातच पाहिले होते. मारिटची त्यांच्याकडे पाठ, हात जेमतेम कानाएवढा, टोपीच्या आड.

"वेळ संपली," चेस्टर म्हणाले. ते जवळ आले, मला पाहिलं. "पुंगळी अडकलीय खरी. पण हात मला दिसला नाही. वेळेनंतरचा हात चालत नाही."

"वेळेतच केला होता, चेस्टरकाका."

"कोणी पाहिला?"

डावीकडच्यांच्या तिच्याकडे पाठी होत्या. उजवीकडच्यांच्या मधे एल्डनचा धिप्पाड देह होता. दोन गोळ्या गेल्या की मारिट संपली, हे तळघरातल्या प्रत्येकाला कळत होतं. एल्डन नुसते गप्प राहिले असते तरी बत्तिसावं वर्ष त्यांचं होतं. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ते बोलणार नाहीत, असं तिने मनात धरूनच टाकलं होतं, माझ्या मुठीला ते कळलं.

एल्डननी आवाज अडवायला कानांवर चढवलेले गोळे उतरवले.

"मी पाहिला," ते म्हणाले. "माझ्या चार गोळ्या झाल्या होत्या, तेव्हा तिचा हात वर होता."

"तू नेम धरत होतास की नातीचं तोंड बघत होतास?"

"दोन्ही. माझी पाचवी गोळी कुठे गेलीय ते बघ, म्हणजे पटेल."

चेस्टरनी दुर्बिणीतून पाहिलं. ती गोळी कागदाच्या पार कोपऱ्यात लागली होती. तळघर खो खो हसलं.

मारिटने फेरी पुन्हा केली. या वेळी मी नीट वागले. एल्डनचे दोनशे एकाहत्तर झाले, तिचे दोनशे त्र्याहत्तर.

वर मासळीच्या ताटांशी ती त्यांच्या शेजारी येऊन बसली. "ती मूठ तुम्ही मुद्दाम नव्हती केली."

"महिनाभर तेच सांगत होतो. तू ऐकशील तर ना."

"तुमचं ऐकलं असतं, तर उजव्या हाताने भिंतीला भोकं पाडत बसले असते."

"तेही आहे," एल्डन म्हणाले, आणि तिच्या ताटातला मोठा तुकडा उचलून घेतला.

याला तीन हिवाळे झाले. माझी मूठ मारिटच्या घामाने काळी पडलीय आणि मला ती फार आवडते. एल्डन आता मागच्या बाकावरून तिला नको तितके सल्ले देतात. ती त्यातला अर्धा ऐकते. चेस्टरनी अजून स्टूल हलवलेलं नाही, म्हणून मारिट आता हात असा उंच करते की छताला लागेल.

तुम्हाला एकच सांगणं आहे. कोणाचा हात चुकीचा वाटला, तर आधी त्याला दिलेली वस्तू पालटून बघा. हात बदलायला माणूस फार मोडावा लागतो, मूठ बदलायला दोन रात्री पुरतात. येते मी. आज शुक्रवार आहे, आणि रांग लागलीय.