शेजारचं अंथरूण

कुम-हीचा डावा स्तन काढला त्याच आठवड्यात सासूबाई गावाहून दैगू शहरात आल्या आणि सुनेच्या शेजारी, खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर, अंथरूण टाकून झोपू लागल्या. नवऱ्याची, थे-शिकची, रवानगी बैठकीत झाली. पुरुषाचा हात लागला की दबलेला आजार उठतो, असं म्हातारी येता-जाता बजावायची. केमो संपली, डोक्यावर केस आले, वर्ष उलटलं, तरी अंथरूण काही हललं नाही.

शेवटी इस्पितळात पेशंट बायकांसाठी वर्ग होता, तिथं कुम-ही जाऊन बसली. नर्स आडपडदा न ठेवता बोलली. नवऱ्याजवळ गेल्यानं कॅन्सर परत येत नाही. गोळ्यांनी कोरडेपणा येतो, दुखतं. त्यासाठी लावायचं जेल मिळतं. घाई करू नका, दुखलं तर थांबा, आणि तसं बोलून दाखवा. मागून एक जण म्हणाली, "हे आमच्या सासवांना सांगा की." सगळ्या हसल्या. कुम-ही जरा जास्तच हसली. म्हणजे नवऱ्याला आपली किळस येत नाही, ते बिचारे आईला भितात, एवढंच. बाईमाणसानं किती भोळं असावं!

घरी सासूबाई मुळ्याची किमची कालवत होत्या. शेजारी बसून कुम-हीनं सगळं सांगितलं. लाजेनं कान तापले, तरी सांगितलं. म्हातारी उसळेल असं तिला वाटलं होतं, पण तिनं हातमोजे काढून बाजूला ठेवले.

"अगं, मला काय कळतंय त्यातलं? थे-शिकनंच फोन केला होता. डॉक्टर म्हणालेत, तिच्याजवळ जायचं नाही, तू येऊन तिच्या खोलीत झोप, म्हणाला. मी आपली तेच घोकत बसले."

थे-शिक कामावरून येऊन जेवायला बसला, तेव्हा कुम-हीनं शांतपणे विचारलं, असं कोणत्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यानं चमचा खाली ठेवला.

"कुणीच नाही," तो म्हणाला. "मला तुझ्या छातीकडे बघवत नाही गं. तुला तसं सांगायचं कसं?"

त्याच्या आवाजात खोटेपणा नव्हता, हेच वाईट होतं. भांडायलासुद्धा तिच्या हाती काही उरलं नाही.

सासूबाई मान खाली घालून उठल्या, आत जाऊन अंथरुणाची गुंडाळी करू लागल्या. उद्या सकाळच्या बसनं गावी जाते, म्हणाल्या. कुम-हीनं त्यांचा हात धरला.

"राहू द्या, आई. तुम्ही गेलात तर मला रोज रिकामी जागा दिसेल."