चौतीस युनिट

पाच डबे, झाकणांवर चिकटपट्टी.
एक स्टूल, त्याचा एक पाय आखूड.
सकाळी साडेसहाची शिंक.
भिंतीवर कागद: 'दोनदा मोजणे.'
कोरडी ठणठणीत टाकी.
सहाशे बारा.

मी एक जुना मीटर आहे. लाईटचा. खोलीच्या दारावर, आतल्या बाजूला टांगलेला.

असं काही सांगताना 'मित्रांनो' म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हणतो, मित्रांनो. एरवी तुमचं-माझं काय सख्य? तुम्ही महिन्यातून एकदा माझ्याकडे बघता, तेही कपाळाला आठ्या घालून. आकडा वाढला की मी चोर, कमी झाला की तुम्ही हुशार. एकानेही कधी विचारलं नाही की बाबा रे, तू काय मोजतोयस?

००००

माझा जन्म कारखान्यातला. चष्मा लावलेल्या एका बाईने माझी चकती शंभर वेळा फिरवून पाहिली आणि माझ्या पोटाला शिशाचं सील लावलं. त्यानंतर मी एका शिंप्याच्या दुकानात नोकरीला लागलो. चार यंत्रं, दोन इस्त्र्या. शिंपी गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमचा मीटर एका काट्याचाही खोटेपणा करत नाही." मित्रांनो, माझं झालेलं कौतुक एवढंच. पुढे दुकान बंद पडलं आणि मी भंगारात गेलो.

तिथून मला एका घरमालकिणीच्या भाच्याने उचललं. तो वायरमन होता. मालकिणीला सगळे काकू म्हणायचे. तिला खालची खोली विद्यापीठातल्या मुलींना भाड्याने द्यायची होती. भाच्याने मला टांगलं, माझ्याखाली एक मोठं बटण बसवलं. बटण इतकं घट्ट की दाबायला स्टुलावर चढून दोन हात लावावे लागत. काकू खाली उभी राहून बघत होती.

"जिन्याखालच्या मोटरची वायरही यातूनच घे," ती म्हणाली.

"मावशी, मग वर पाणी चढवायचा खर्च या पोरींवर पडेल."

"मग? त्या आंघोळ करणार नाहीत का?"

भाच्याने वायर जोडली. मी पोटातून ती वायर सहन केली. मीटरला तोंड नसतं. आकडे असतात.

३०९८

दोघी आल्या. एक संख्याशास्त्र शिकणारी. तिने सामान सोडायच्या आधी पाच डबे मांडले, भाडं, जेवण, बस, पुस्तकं, लाईट, आणि झाकणांवर पट्ट्या चिकटवल्या. दुसरी ते बघून म्हणाली, "तू मुलगी आहेस की मुनीम?" तेव्हापासून ती मुनीम. दुसरीला पहिल्याच आठवड्यात सर्दी झाली ती गेलीच नाही. ती शिंकरी.

शिंकरीच्या बॅगेतून पाणी तापवायचा रॉड निघाला.

"हा नको," मुनीम म्हणाली. "अख्खा डबा खाईल."

"अगं, थंड पाण्याने माझं डोकं धरतं."

"लाईटला महिन्याला पंचवीस युनिट. त्यापुढे एकही नाही. तू बघ."

"बरं बाई," शिंकरी म्हणाली.

त्याच आठवड्यात मुनीमला भाड्याच्या डब्यात तिच्या वाट्याचे दीडशे कमी आढळले. तिने तीनदा मोजले आणि मग गुडघ्यांत तोंड घालून बसली. घरून पुढचे पैसे यायला महिना होता. दुसऱ्या दिवशी मोजले तर सगळे जागच्या जागी. "मीच चुकले," ती हसून म्हणाली. तिने कागदावर 'दोनदा मोजणे' असं लिहिलं आणि भिंतीवर चिकटवलं.

३२७२

तीन महिने झाले. मुलींनी काय काय केलं, ते मी वरून पाहिलं. भात आणि अंडी, अंडी आणि बटाटे. बसचे दोन थांबे चालत. पंखा असूनही वहीने वारा. एक दिवा, त्याखाली दोन डोकी. आणि मी दर महिन्याला अठ्ठावन्न युनिट दाखवत होतो.

मोटर रोज दहा ते साडेअकरा चालायची. तेव्हा दोघी वर्गात असायच्या. त्या गेल्या की माझी चकती गरगरायची, त्या परतायच्या आत पुन्हा मंद व्हायची. मी किती संतापलो असेन, याचा अंदाज करा. एका काट्याचाही खोटेपणा न करणारा मी, रोज खरं मोजून खोटं बोलत होतो.

मुनीमने वही काढली. दिवा इतके तास, पंखा इतके तास, फोन, लॅपटॉप. बेरीज चोवीस. उरले चौतीस. चौतीस भागिले तीस दिवस. मग तिने हजार वॉटच्या रॉडने भागून पाहिलं आणि तिचं पेन थांबलं. रोज एक तास आठ मिनिटं. आकडा तंतोतंत बसला. मित्रांनो, जुळलेल्या आकड्याइतकं माणसाला दुसरं काहीही आंधळं करत नाही.

शिंकरी दुपारी आली तेव्हा वही उघडीच होती.

"साडेसहाला तू न्हाणीघरात असतेस. मी झोपलेली असते," मुनीम म्हणाली.

"मग?"

"रॉड काढ."

"माझ्याकडे नाहीये."

"लपवलास कुठे?"

"नाहीये म्हटलं ना." शिंकरी शिंकली.

"शिंकून दाखवू नकोस. तो कुठे गेला तेवढं सांग."

शिंकरीने तोंड उघडलं. भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. तोंड मिटलं.

"बघ, उत्तर नाही," मुनीम म्हणाली. "तीन महिन्यांचे एकशे दोन युनिट, बाराच्या भावाने बाराशे चोवीस. निम्मे मी भरलेत. माझे सहाशे बारा परत दे."

"ते माझ्या परीक्षेच्या फीमधून जातील गं. सोमवारी शेवटची तारीख आहे."

"गरम पाण्याच्या वेळी आठवली होती का फी?"

मी चकती थांबवू शकलो असतो तर थांबवली असती. नाही थांबवू शकलो. शिंकरीने सहाशे बारा मोजून वहीवर ठेवले. दोनदा मोजले. बॅग भरताना तिने सगळं एकेक करून बाहेर काढलं आणि एकेक करून आत घातलं, मुनीमला दिसेल असं. त्यात रॉड नव्हता. मुनीम खिडकीतून बाहेर बघत राहिली. ते तिला बघायचंच नव्हतं.

शिंकरी दोन गावं पलीकडे तिच्या मावशीकडे राहायला गेली. सोमवार उलटला.

३३२६

पुढच्या महिन्याला चोपन्न.

मुनीम स्टुलावर चढली. माझ्या काचेवर नाक टेकवून उभी राहिली. एक माणूस कमी, रॉड कमी, आणि फरक चारच युनिटांचा? "नालायका," ती मला म्हणाली. मला. मी आयुष्यात खरं सोडून काही केलेलं नाही आणि नालायक मीच.

तरी ती संख्याशास्त्राची. पाच युनिटांनंतर तिला चार दिवस घरी जायचं होतं. तिने जाताना स्टूल ओढलं, दोन्ही हातांनी माझ्याखालचं मोठं बटण दाबून बंद केलं आणि आकडा लिहून घेतला, ३३३१.

चार दिवस मी झोपलो. लटकल्यापासून पहिल्यांदा.

३३३१

ती परत आली तेव्हा काकू दोन बादल्या घेऊन जिन्यात उभी होती, घामाघूम.

"आलीस का? चार दिवस नळाला थेंब नाही गं. टाकी कोरडी. मोटर जळली म्हणून नवा वायरमन बोलावला, तर तो मेला म्हणतो मोटर ठणठणीत आहे, करंटच येत नाही."

मुनीमने कुलूप काढलं. दार उघडलं. आकडा पाहिला, ३३३१. ती स्टुलावर चढली आणि बटण वर केलं.

जिन्याखाली मोटर घरघरली.

काकूचा हात बादलीच्या कडीवर तसाच राहिला. मुनीमने बटण बंद केलं, मोटर थांबली. चालू केलं, मोटर सुरू. असं तिने तीनदा केलं.

"काकू, माझ्या खोलीच्या बटणाचं आणि तुमच्या टाकीचं नातं काय?"

"नातं कसलं? एका घरात राहतो आपण."

"चौतीस युनिट. दर महिन्याला."

"एवढं काय मोजतेस! पाणी पीत नव्हतात तुम्ही?"

"एकीची परीक्षा गेली, काकू."

"ते तुमच्या-तुमच्यातलं," काकू म्हणाली आणि बादल्या उचलून वर गेली. नळ सुरू झाला होता तरी तिने बादल्या उचलल्या.

मुनीमने शिंकरीला फोन लावला. उभ्या उभ्या, माझ्याखालीच. "ते मोटरचं होतं. मोटरचं होतं सगळं. तू ये ना परत." पलीकडून आधी नाक ओढल्याचा आवाज. मग एक शिंक. मग, "फीची तारीख गेली गं. वर्ष गेलं माझं. तू नीट अभ्यास कर."

तिने रॉडचं तरीही सांगितलं नाही.

मित्रांनो, आता मी रद्दीच्या कपाटावर पडलोय. मुनीमने मला काढायला लावलं. माझी काच पुसा, मला जपा, अशी विनवणी मी करणार नाही. तुमची दया मला नको. माझं म्हणणं इतकंच. पैसे मोजा, युनिट मोजा, हवं तर तांदळाचे दाणे मोजा. पण आकडा जुळला म्हणून शेजारच्या माणसावर बोट ठेवण्याआधी स्टुलावर चढा आणि माझ्या मागून वायर कुठे जाते ते बघा. तेवढे कष्ट घेत नसाल, तर मला मित्र म्हणू नका.

३१०६

शिंकरीने रॉड पहिल्याच आठवड्यात, माझ्याच खाली उंबऱ्यात उभं राहून, शेजारच्या खोलीतल्या मुलीला दीडशेला विकला आणि ते दीडशे भाड्याच्या डब्यात मुनीमच्या वाट्यात ठेवले.