कस्तुरी शेवटी येते

"हात पुढे कर," पडदेवाली म्हणाली.

नवीने ओले हात टॉवेलला पुसले आणि डावं मनगट पुढे केलं. पडदेवालीने कुपीचं काचेचं बूच काढलं, टोकाला आलेला थेंब मनगटाच्या आतल्या अंगाला, निळी शीर दिसते तिथे टेकवला आणि बूच पुन्हा घट्ट बसवलं.

"चोळू नकोस हं. चोळलं की मरतं ते."

"किती छान! संत्र्याची साल सोलल्यासारखं," नवी म्हणाली. "पण माझ्यासाठी कशाला आणलंत, मावशी?"

"रिकाम्या हाताने कसं यायचं?"

हे साखरेत घोळलेलं उत्तर तिने येताना बसमध्येच तयार करून ठेवलं होतं. रिकाम्या हाताने ती आली नव्हती, एवढं मात्र खरं होतं. ती सूड घेऊन आली होती, आणि तो बोटभर कुपीत मावला होता.

नवी म्हणजे जावयाची दुसरी बायको. पडदेवालीची लेक जाऊन दोन वर्षं होत आली होती आणि तिच्या जागी ही येऊन एक. तिचं नाव पडदेवालीला ठाऊक होतं, पण ते घ्यायला जीभ वळत नव्हती. आज इथे यायला सबब होती लेकीच्या शिलाई मशीनची. मशीन न्यायला येते, असा निरोप तिने पाठवला होता. टेम्पोवाल्याला मात्र दिवे लागल्यावरच ये म्हणून बजावलं होतं, आणि भर दुपारी इथे येऊन बसल्यावर त्याच बिचाऱ्याच्या नावाने बोटं मोडली होती. "ही माणसं कधी वेळेवर येतील तर शपथ! आता मला बसावंच लागणार."

बसायचं तर होतंच. घाई करून चालण्यातलं ते अत्तर नव्हतं.

लेक ते रोज लावायची. लग्नाच्या आधीपासून लावायची, नंतरची नऊ वर्षंही लावत होती. बाजाराच्या मागच्या गल्लीतला म्हातारा अत्तरवाला ते तिच्यासाठी बांधून द्यायचा. पहिला तासभर संत्र्याची साल आणि मिरी. मग धूप चढतो, आणि बराच वेळ बाकी काही कळूच नये इतका चढतो. धूप विझत आला की सगळ्यात शेवटी, दिवस कलताना, कस्तुरी येते. आता ही कस्तुरी हरणाची नव्हे, तसली कुठून मिळायला? पण म्हाताऱ्याने काय काय मिसळून अशी काही जमवली होती की ती आली की बाटलीतला वास संपायचा आणि माणसाचा सुरू व्हायचा. उन्हात वाळलेली चादर, झोपलेल्या मुलाची टाळू आणि खाली कुठेतरी थोडी उबदार राख. पडदेवालीला लेक आठवायची ती चेहऱ्याने नाही, या वासाने आठवायची.

जावयाचं चष्म्याचं दुकान होतं, पण त्याचं खरं कौतुक होतं ते नाकाचं. नाजूक नाक. नाकाने कांदे सोलणारा माणूस, असं पडदेवाली त्याला लग्नातच म्हणाली होती आणि लेक हसली होती. लेक दवाखान्यात पडली तेव्हा हसण्यासारखं काही राहिलं नाही. "आई, मला दवाखान्याचा वास सोसत नाही, मळमळतं," असं फोनवर सांगून त्याने हात झटकले. लेक मात्र रोज दुपारी म्हणायची, आई, अत्तर लाव. आज येतील ते. औषधाचा वास यायला नको त्यांना. पडदेवाली थेंब टेकवायची. त्या औषधांनी लेकीची कातडी अशी करपली होती की तिच्यावर धूपही धड चढत नव्हता, कस्तुरी तर लांबच. दोघी संध्याकाळपर्यंत दाराकडे बघत बसायच्या. एवढ्या दिवसांत तो दोनदा आला, आणि दोन्ही वेळा रुमाल नाकाला लावून दारातच उभा राहिला.

पडदेवालीने हा डूख धरून ठेवला होता. पैसा नको होता, माफी नको होती. संध्याकाळी तो नव्या बायकोशेजारी चहाला बसावा, तिच्या हातातून त्याची मेलेली बायको उठून समोर यावी आणि त्याच्या घशात घोट अडकावा. तो अडकलेला तिला डोळ्यांनी बघायचा होता. बस, त्यानंतर ती मशीन उचलून निघून गेली असती.

अडचण एकच होती, आणि ती साधी नव्हती. लेक गेल्यावर उरलेली कुपी पडदेवालीने स्वतःच्या हाताला लावून संपवली होती. रोज लावायची, रोज संध्याकाळी मनगट नाकाशी धरून बसायची. संत्रं यायचं, धूप यायचा आणि तिथेच सगळं वाळून जायचं. लेक काही यायची नाही. ती म्हाताऱ्याशी भांडायलाही गेली होती, भेसळ केलीस म्हणून. तो म्हणाला, "बाई, माल तोच आहे. कस्तुरी ज्याच्या त्याच्या अंगावर असते. तुमचं अंग कोरडं, ते खाऊन टाकतं." आजची कुपी तिने त्याच्याकडूनच पुन्हा बांधून घेतली होती. आता नवीचं अंग कसं निघतं, हे कुणाला ठाऊक?

आणि दुसऱ्याच्या बायकोचा हात दर घटकेला हुंगायचा तरी कसा!

पडदेवालीची नजर खिडकीकडे गेली. जन्मभर पडदे शिवलेल्या बाईला दुसरं काय दिसणार?

"पडदे लांब झालेत गं तुझे. जमिनीवर लोळतायत."

"तयार आणले ना. मला कुठे येतंय शिवता?"

"काढ. मशीन आहे, मी आहे. टेम्पो येईपर्यंत होतील."

नवीने स्टुलावर चढून पडदे काढले. पडदेवालीने मशीन खिडकीपाशी ओढून घेतली, तेलाचे दोन थेंब सोडले, चाक फिरवून बघितलं. दोन वर्षं कुणी हात लावला नव्हता, तरी मशीन कुरकुरली नाही. काठ दुमडून तिने सुईखाली सरकवला.

"समोरून ताणून धर. हां, अशी. हात इथे ठेव, माझ्याजवळ."

टीप एकेक हात पुढे सरकत होती आणि तिच्याबरोबर नवीचं मनगट पडदेवालीच्या नाकासमोरून जात होतं. पहिल्या पडद्याला संत्रं उतरलं. दुसऱ्याच्या अर्ध्यात धूप लागला, चांगला घट्ट. पडदेवालीचे पाय भराभर चालायला लागले, पण तिने स्वतःला दटावलं. धुपापर्यंत तर आपणही पोचलो होतो.

नवी बडबडी होती. दुकानाचं सांगत होती, खालच्या मजल्यावरच्या भांडखोर बाईचं सांगत होती.

"ह्यांना ना, घरात कसलाच वास चालत नाही. स्वयंपाक करताना दार लावून घ्यावं लागतं मला."

"ठाऊक आहे."

"परवा मला ताप होता तर बाहेरच्या खोलीत झोपले. म्हणाले, तापाचा वास येतो." नवी हसली, पण शेवटी तिचं हसू जरा रेंगाळलं. "तापाला वास असतो का हो, मावशी?"

पडदेवालीने वर बघितलं नाही. "कापड ढिलं सोडू नकोस," ती म्हणाली.

तिला या मुलीची कणव यायला नको होती. आली तर सगळंच मुसळ केरात. तिने तिसरा पडदा ओढला आणि पाय जोरात चालवले. शिवून झालेल्या काठावर नवीने इस्त्री फिरवायला घेतली. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं, मग गेलं. चौथा पडदा, शेवटचा. इस्त्रीच्या वाफेने नवीच्या हाताला घाम सुटला होता. तोच हात तिने कापड धरायला पुढे केला.

मशीनवरचे पाय थांबले.

चादर. टाळू. राख.

इतकी स्पष्ट ती जिवंतपणीही कधी आली नव्हती. पडदेवालीने नवीचं मनगट धरलं. आपण ते धरलंय हे तिला नंतर कळलं. वर्षभर ती जिला आपल्या हातावर हाका मारत होती, ती येऊन बसली होती या परक्या पोरीच्या हातावर! पडदेवालीला तिचा मत्सर वाटला. ओरबाडून घ्यावा इतका वाटला.

"मावशी? काय झालं?"

"दोरा तुटला."

नवीने सुईकडे बघितलं. दोरा धड होता. मग तिने आपल्या मनगटाकडे बघितलं, मशीनकडे बघितलं आणि पडदेवालीच्या चेहऱ्याकडे. हात मात्र तिने सोडवून घेतला नाही.

दाराची घंटा वाजली.

"अरे, आई! केव्हा आलात?" जावई बूट काढत म्हणाला. अंगाने सुटला होता, बाकी तोच. "मशीनसाठी एवढ्या लांब आलात? सांगायचं ना, पाठवून दिली असती."

"म्हटलं, तुम्हालाही भेटावं."

तो टेबलाशी बसला. पडदेवाली त्याच्या अगदी समोर बसली, उंदराच्या बिळापाशी मांजर बसतं तशी. नवीने चहा आणला. कप ठेवताना तिचा डावा हात त्याच्या तोंडासमोरून गेला.

तो थांबला. त्याच्या नाकपुड्या हलल्या.

"कसला वास आहे हा?"

पडदेवालीने टेबलाची कड धरली. आता.

"कुठला?" नवीने विचारलं.

"तुझ्या हाताला." त्याने तिचं मनगट ओढून नाकाशी नेलं, डोळे मिटून एक लांब श्वास घेतला. "छान आहे! नवीन घेतलंस?"

नवी पडदेवालीकडे बघत होती. "मावशींनी दिलं."

"वा! निवड चांगली आहे हं तुमची, आई." त्याने मनगट सोडलं आणि कप उचलला. "रोज लावत जा हे. शोभतं तुला."

तो नाटक करत नव्हता. त्याचं नाटक पडदेवालीने स्मशानात बघितलं होतं, ते वेगळं होतं. तो ओरडेल, कप फेकेल, रडेल, सगळ्याची तिने तयारी ठेवली होती. याची नव्हती. नऊ वर्षं त्या वासाशेजारी निजून उठलेला माणूस आज तो पहिल्यांदाच घेत होता. गाढवाला गुळाची चव काय, असं म्हणतात. पण लेक मरेपर्यंत या गाढवासाठी ते अत्तर लावत राहिली, आणि दवाखान्यात ते लावून दिलं आपण, स्वतःच्या हाताने. घोट अडकला तो तिच्याच घशात.

"आधी कधी आला नव्हता हा वास?" नवीने विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"कुठे येणार? तू लावतेस कधी काही?" तो म्हणाला आणि वर्तमानपत्र उघडलं.

टेम्पोवाला आला. त्याने आणि त्याच्या जोडीदाराने मशीन उचलून जिना उतरायला सुरुवात केली. पडदेवाली चपला घालून बाहेर आली. तिच्या मागोमाग नवी आली आणि तिने दार ओढून घेतलं.

"त्यांचं होतं ना?" ती म्हणाली.

"हो."

"रोज लावायच्या?"

"रोज. दवाखान्यातसुद्धा."

नवी जिन्याच्या कठड्याला टेकली. खाली टेम्पोवाला वळणावर मशीन कशी वळवायची म्हणून हुज्जत घालत होता.

"तुम्ही हे मुद्दाम आणलंत."

खोटं बोलता आलं असतं. दुपारपासून तिने तेच केलं होतं. पण आता तिच्यात त्राण नव्हतं. "मुद्दाम आणलं. तुझ्यासाठी नाही, जावईबुवांना चटका बसावा म्हणून. तू नुसती मधे सापडलीस."

"त्यांना तर काहीच झालं नाही."

"नाही झालं."

"मला झालं," नवी म्हणाली.

सूड लागला होता, पण भलत्याच ठिकाणी, आणि ज्या पोरीला तो लागला तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती नुसती पायऱ्यांकडे बघत होती, जणू किती आहेत ते आजच दिसलं होतं.

आतून हाक आली. "अगं, अजून अर्धा कप टाक ना!"

नवीने मान वळवली नाही. तिने बाही वर सरकवली आणि डावं मनगट पडदेवालीपुढे धरलं.

"अजून आहे," ती म्हणाली. "घ्या."

पडदेवाली खाली वाकली. आतून दुसरी हाक आली, पहिलीपेक्षा मोठ्याने. नवीचा हात हलला नाही.