जे मला चिकटलं नाही

मी चुंबक बोलतोय. खिशात मावणारा किंवा फ्रिजच्या दारावर बसून बिलं सांभाळणारा नव्हे. मी भंगाराच्या वखारीतला, क्रेनच्या साखळ्यांना लटकणारा चुंबक. भल्यामोठ्या थाळीसारखा गोल आणि चपटा, म्हणून वखारीत मला थाळ्या म्हणतात. सुरुवातीलाच सांगून टाकतो, माझा स्वभाव जळका आहे. सोसून सोसून मोठ्या मनाच्या झालेल्या वस्तूंची आत्मवृत्तं तुम्ही पुष्कळ ऐकली असतील. ते मोठं मन मला कारखान्यात कुणी बसवलं नाही.

माझं पोलादी कवच ओतलं, आत काय काय भरलं आणि वर झाकण ठोकून बंद केलं. आपल्या पोटात काय आहे हे जन्मताना कुणाला कळतं? मग वीज सोडली, आणि समोरचा लोखंडाचा तुकडा टुणकन उडी मारून मला बिलगला. त्या क्षणी मला वाटलं, जगातलं सगळं आपल्याचसाठी आहे.

तिथून मी बंदराला लागून असलेल्या या वखारीत आलो. इथे ट्रक भरभरून भंगार येतं. चेपलेल्या मोटारी, रुळांचे तुकडे, पाडलेल्या इमारतींच्या तुळया, खाटा, कपाटं. मी ते उचलून जहाजात भरायचो. जहाज समुद्रापलीकडे जातं, तिथल्या भट्ट्यांत सगळं वितळतं आणि नव्या सळया, नवे पत्रे होऊन देशोदेशी फिरतं. त्यातलं काही कधी याच धक्क्यावर परत उतरतं, चकचकीत, गठ्ठे बांधून. आम्हाला ओळखसुद्धा देत नाही. चार पैसे आले की माणसं करतात तेच.

माणसांचंही काय सांगावं! एक आजोबा आपलं लोखंडी कपाट मोडीत घालायला आले. उतरवताना ओरखडा येऊ नये म्हणून त्यांनी खाली गोणपाट अंथरलं. दार उघडून आत हात फिरवला, रिकामं असल्याची खात्री केली, आणि मग भाव कमी लावला म्हणून काट्यावरच्या माणसाशी तावातावाने भांडले. मी कपाट उचललं तेव्हा मात्र त्यांनी तोंड फिरवलं.

मला चालवायची मावशी. मालकापासून हमालापर्यंत सगळ्यांची ती मावशीच. क्रेनच्या केबिनमध्ये बसली की तिला भूक आठवत नसे, पण मी दमलेला तिला बरोबर कळायचा. थोडं काम झालं की ती मला ढिगावर टेकवायची, वीज बंद करायची, खाली उतरायची आणि पालथा हात माझ्या पाठीवर ठेवायची, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा. हात टिकला तर पुढचं काम. चटका बसला तर, "टेकू दे त्याला," म्हणून ती चहा प्यायला जायची. तापलेल्या चुंबकाची पकड ढिली होते, म्हणून ही रीत. मला विसाव्याची पर्वा नव्हती. तो हात हवा असायचा.

या सुखात पहिला मिठाचा खडा टाकला तांब्याने. मी वीज अंगात घेऊन, सगळं बळ एकवटून त्याच्या तारांच्या ढिगावर उतरलो, तर ते ढिम्म हललं नाही. जणू मी तिथे नव्हतोच. लोखंडाचे डोंगर उघड्यावर गंजत पडलेले, आणि या साहेबांना कुलूपबंद खोली. तांबं आलं की मालक खुर्चीतून उठायचा. तार बोटाला गुंडाळून न्याहाळायचा, नवी अंगठी मापाला घ्यावी तशी. इतकी जहाजं मी भरून दिली, पण मालकाचं बोटही मला कधी लागलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आणि मग आला पंजा. पाच पोलादी बोटांचा, तेलाच्या दाबावर चालणारा. लोखंड असो, तांबं असो, लाकूड असो, तो सरळ मूठ मारतो आणि उचलतो. त्याला ना निवड, ना चव. नवी वस्तू सरावाच्या हातात हवी म्हणून मालकाने मावशीला त्याच्या क्रेनवर बसवलं. मी मनात म्हटलं, नव्याचे नऊ दिवस. पण नऊ दिवस सरले तरी मावशी परत आली नाही. उलट रोज सकाळी त्याच्या एकेका बोटाच्या सांध्याला ग्रीस लावू लागली. एकदा चहा पिताना मालकाला म्हणालीसुद्धा, "बरं उचलतो हो हा. मातीसुद्धा सोडत नाही." ते शब्द मला आजही सलतात.

माझ्या क्रेनवर बसला मावशीचा जावई. मनाने वाईट नव्हता, पण त्याचंही दुखणं माझ्यासारखंच होतं. ट्रकवाले त्याला नमस्कार करायचे आणि पुढे विचारायचे, मावशी कुठे आहेत? सासूच्या नावाखाली तो दबून गेला होता, आणि ते त्याला पचत नव्हतं. आमचं गोत्र एकच निघालं. पालथा हात लावून बघणं त्याला बायकी वाटायचं. तो केबिनमधून खाली उतरतच नसे.

परदेशी खरेदीदाराचं एक मोठं जहाज धक्क्याला लागलं. त्याला संध्याकाळच्या भरतीला निघायचं होतं. मालकाने दोन्ही क्रेन लावल्या, जहाजाच्या पोटातला पुढचा खण मावशीला आणि पंजाला, मागचा जावयाला आणि मला. शर्यत असं कुणी म्हटलं नाही. पण जावई सारखा पुढच्या खणात डोकावत होता, आणि प्रत्येक फेरीला मीही तेच करत होतो. दुपारपर्यंत आम्ही पुढे होतो. माझी पाठ भाजत होती, आणि मला ते झोंबणंही गोड लागत होतं.

मावशीने खिडकीतून हाक दिली. "जावईबापू, त्याला जरा टेकू द्या. तापला असेल."

"आई, तुमचं तुम्ही बघा," तो म्हणाला. "आमच्यात दम आहे अजून."

खरं सांगतो, मला त्याचा अभिमान वाटला. त्यानंतरच्या फेरीला रुळांच्या तुकड्यांचा मोठा घास होता. वर चढताना मला पोटात काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं. मी धरून ठेवायचा प्रयत्न केला, पण अंगात वीजच राहिली नाही, आतून धूर आला आणि रूळ सुटले. खाली, मावशीच्या केबिनसमोर पंजा त्याच ढिगातून नुकताच वर येत होता. जड तुकडे त्याच्या बोटांवर आदळून अडकले. एकच लहान तुकडा उडाला, काच फोडून आत गेला आणि मावशीचा दंड फाटला. पंजा मध्ये नसता तर काय झालं असतं ते सगळ्यांना कळत होतं. तिला वाचवलं तेही त्यानेच. मला हेही सहन झालं नाही.

जावई धावत तिच्याकडे गेला. तिने त्याला एका शब्दाने टोचलं नाही, आणि त्यानेच तो जास्त खचला. मला खाली उतरवून उताणं टाकलं. विजेच्या पंपांत नवी तार गुंडाळून देणारा वाइंडर आला, त्याने झाकण कापलं, आत हात घातला आणि मालकाला बोलावलं. माझ्या पोटात तारेचं भलंमोठं वेटोळं होतं. वरून काळवंडलेलं, आतून लालसर. तांबं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हे. ज्याच्या नावाने मी जन्मभर बोटं मोडली, त्याच्याच जिवावर मी लोखंड उचलत होतो. मालक वाकला, आणि त्याचा हात पहिल्यांदा मला लागला. म्हणजे मला नाही, तांब्याला.

वाइंडर म्हणाला, नवी तार भरली तर हा पुन्हा चालेल. दंडाला पट्टी बांधलेली मावशी पुढे आली. "भरा नवी तार. जुना आहे, पण प्रामाणिक आहे."

"मावशी, पंजा आहे की आता," मालक म्हणाला. "तुम्हीच तर म्हणालात, बरं उचलतो."

ती पट्टीवर हात ठेवून उभी राहिली. मागून जावई पुटपुटला की चूक त्याची होती, शिक्षा थाळ्याला का. मालकाने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. गरज सरो, वैद्य मरो. तांबं कुलपाच्या खोलीत जायचं आणि माझं रिकामं कवच पुढच्या जहाजात, असं ठरलं.

"मग जहाजात त्याला मी ठेवणार," मावशी म्हणाली. "वरून टाकायचं नाही."

तेव्हापासून मी धक्क्यावर पडून आहे. माझं तांबं कोरड्या खोलीत कुलपाआड, आणि मी उघड्यावर. पोट रिकामं झालं तरी जळणं काही गेलं नाही. समुद्रापलीकडच्या भट्टीत माझी सळई होईल की पत्रा, कुणास ठाऊक. पत्रा झालो तर शेजारच्या पत्र्यावर जळेन.

आज जहाज आलं आहे. मावशी केबिनमध्ये बसली आहे, आणि पंजा माझ्यावर उतरतो आहे. आयुष्यभर मी दुसऱ्यांना धरलं. मला असं चहूबाजूंनी कुणी कधी धरलं नव्हतं. पाचही बोटं हळू मिटताहेत, कुठे खरचटू नये म्हणून थांबत थांबत. ही बोटं त्याची असतील, पण थांबणं तिचं आहे, हे मला कळतं. मी जमीन सोडली. मावशी, एवढंच मागतो, तळाशी पोहोचल्यावर मूठ लगेच उघडू नकोस.