साडेबाराची फायनल

"सर, पाहुण्यांना ओवाळायला सुमित का नाही?"

प्रश्न तेजश्रीच्या तोंडून निसटला आणि टेनिस कोर्टवर पाणी मारणारे मायाप्पामामाही पाइप धरून तसेच उभे राहिले. जाळीपलीकडे पूनम आणि श्रावणी एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून हसत होत्या. कालपासून दोघी तिच्या मागे लागल्या होत्या, "हिंमत असली तर विचार की! नुसतं आमच्यापुढं बोलतीस." आता तिनं विचारलं होतं. स्वतःचाच आवाज तिला दुसऱ्या कुणा मोठ्या मुलीचा वाटला, आणि ती मुलगी तिला लई आवडली.

नंदीश सर आधी हसले. "सुमितच्या हातात ताट? अगं, लोक काय म्हणतील! आणि उद्या त्याची फायनल आहे."

"माझी पण आहे की, सर."

"तुझी साडेबाराला. त्याची साडेपाचला, पाहुणे आल्यावर." सर समजुतीच्या सुरात बोलायला लागले. "म्हणून तर मुलींची आधी लावलीय. खेळून झालं की घरी जायचं, अंघोळ करायची, नऊवारी नेसून पाचला गेटवर. फोटोत छान दिसतेस तू. क्लबचा चेहराच आहेस."

सर वाईट नव्हते. तिची सर्व्हिस त्यांनीच घडवली होती, रोज पहाटे, न कंटाळता. जाता जाता ते म्हणाले, "घरी विचार आणि संध्याकाळपर्यंत मला फोन कर. पण नाही म्हणालीस तर कमिटीला बरं वाटणार नाही हं. पुण्याच्या राज्य स्पर्धेला नावं तीच पाठवते."

मार्चचं ऊन नुसतं ओतत होतं. सायकलपुढं रस्ता पाण्यासारखा हलत होता. ती त्या पाण्यात शिरायला जायची आणि पाणी आणखी पुढं सरकायचं. चौकात आल्यावर त्या पाण्यातून तिचाच चेहरा वर आला. फ्लेक्सवरचा. कुणीतरी तिला चांगलं तीन-चार छटा गोरं करून ठेवलं होतं. नाकात नथ, हातात ताट, खाली 'सहर्ष स्वागत'. शेजारी सुमित तोंड वासून ओरडत रॅकेट उगारलेला, खाली 'सोलापूरचा वाघ'.

तो फोटो गेल्या वर्षीचा. चौदा वर्षांखालच्या गटात ती जिंकली त्या दिवशी गेटवर पाहुण्यांना ओवाळतानाचा. पेपरातही तोच छापून आला होता आणि पप्पांनी मोठ्या हौसेनं त्याची फ्रेम करून हॉलमध्ये लावली होती. घरी येणारा प्रत्येक जण विचारायचा, "पोरगी डान्स करती व्हय?" खरं म्हणजे त्यांच्या घरात आरतीचं ताट कधी नव्हतंच. बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लागायची. ताट कुठून कुठं फिरवायचं हेसुद्धा तिला पूनमनं शिकवलं होतं.

जेवून ती पंख्याखाली पडली. पंखा गरगरत राहिला, गरगरत राहिला, आणि हळूहळू त्याच्या जागी आभाळ आलं.

ती सर्व्ह करत होती. चेंडू वर फेकला तो खाली येईचना. पिवळाधमक, सावकाश फिरत, छोट्या सूर्यासारखा वर चाललेला. सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या, पण कुणी वर बघत नव्हतं. सगळे तिच्या नथीकडं बघत होते. हातात रॅकेट नव्हती, ताट होतं. निरांजनाची ज्योत वाऱ्यानं लवत होती. मग एकदाचा चेंडू उतरायला लागला, पिसासारखा, आणि तिला वाटलं, आता काय? तिनं अंग वळवलं, गुडघे वाकवले आणि ताटानंच मारला. ठण्! कुंकू असं उडालं! लालेलाल ढग झाला आणि सगळ्या पांढऱ्या शर्टांवर, कमिटीच्या टेबलावर, फ्लेक्सवरच्या वाघावर अलगद उतरत राहिला. आणि ती ओरडली, पोटापासून, तोंड वासून. काय मजा आली त्या ओरडण्यात!

ती जागी झाली तेव्हा हसतच होती.

संध्याकाळी पप्पा एसटीच्या वर्कशॉपमधून आले ते हवेतच. "उद्या दुपारनंतर रजा टाकलीया. वर्कशॉपची धा जणं येणार हायत. म्हटलं, साडेपाचला या, आमची तेजू बघायला!"

मम्मी शेजारणीची नऊवारी पलंगावर पसरून घडी तपासत होती.

"पप्पा, साडेपाचला सुमित खेळणार," तेजश्री म्हणाली. "माझी मॅच साडेबाराला."

"आन् मग आमी साडेपाचला येऊन काय बघायचं?"

"माझ्या हातातलं ताट."

पप्पांच्या एका पायात बूट तसाच राहिला. तेजश्रीनं मग सगळं सांगितलं, प्रश्नापासून कमिटीपर्यंत.

"आणि नाव नाही पाठवलं तर?" मम्मी हळूच म्हणाली. "पुण्याला जायचं झोपेतसुद्धा बडबडतेस की गं."

ते खरं होतं. तेजश्रीनं डोळे मिटले. पुणं दिसलं, मोठं कोर्ट दिसलं, गार संध्याकाळ, दिव्यांचा उजेड. आणि गेटवर ताट घेऊन उभी असलेली एक मुलगी दिसली, तिच्याच वयाची. तिची फायनल दुपारीच होऊन गेली होती आणि ती कुणीच बघितली नव्हती. पाय दुखतायत हे तिच्या उभं राहण्यावरून कळत होतं.

तेजश्रीनं डोळे उघडले.

"मम्मी, साडी परत देऊन टाक. पप्पा, मी ताट धरणार नाही. सरांना मीच फोन करून सांगते, आत्ता. नाव नाही पाठवलं तर पुढच्या वर्षी परत जिंकीन आणि परत विचारीन. तुम्ही फक्त रजा दिवसभराची करून घ्या आणि तुमच्या दहाही जणांना साडेबाराला घेऊन या. सावली नाहीये तिथं, टोप्या घालून या."