सायीवरचं लिखाण

मनीच्या घरात निळी बादलीसुद्धा यायला घाबरायची. बाबांनी तसा काही कायदा केला नव्हता, पण एकदा आईने निळा मग आणला, तेव्हा बाबा त्या मगाकडे असे बघत बसले की जणू त्याने त्यांची खुर्चीच बळकावली होती. दुसऱ्या दिवशी आईने मुकाट्याने मग बदलून आणला. तो पिवळा मग अजून मोरीत आहे.

या वैराला कारण होतं, आणि ते मनीएवढ्याच वयाचं होतं.

पुढे दुकान, मागे घर आणि मध्ये एक पडदा, असा त्यांचा संसार. दुकान सिनेमाच्या डिस्क भाड्याने देण्याचं. साध्या डीव्हीडीचे दिवस भरत आले, तेव्हा चित्र आरशासारखं लख्ख दाखवणाऱ्या दोन नव्या डिस्क बाजारात उतरल्या. एक एचडी डीव्हीडी, तिची डबी लाल. दुसरी ब्लू-रे, तिची डबी निळी. एकीची डिस्क दुसरीच्या प्लेअरमध्ये चालायची नाही. दोघींतली एकच टिकणार हे सगळ्यांना दिसत होतं, कोणती ते मात्र कुणालाच दिसत नव्हतं. बाबांना दिसलं. बाबांना लाल दिसली.

मग काय विचारता. दुकानाची भिंत लाल झाली, पाटी लाल झाली, आणि समोरच्या दंतवैद्यांनी बाबांचं नावच लालशेठ ठेवून टाकलं. बाबांनी एक पत्रक लिहून काचेवर चिकटवलं. "लाल डिस्क ही आपल्या डीव्हीडीची सख्खी बहीण. तीच बांधणी, दोन चकत्यांच्या मधोमध माहिती जपून ठेवलेली. आणि निळी? निळीची माहिती वरच्या वर, केसाएवढ्या पापुद्र्याखाली. सायीवरचं लिखाण आहे ते. खरवडलं की गेलं." पत्रकातल्या चुका आईने सुधारल्या. शिवाय तिनेच ते महिनाभर रोज संध्याकाळी दुकानाच्या भोंग्यावरून वाचून दाखवलं, कारण आईचा आवाज म्हणजे अख्ख्या गावाच्या ओळखीचा आवाज. बसस्थानकावर कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार, ते तीच सांगायची. तिने "थोड्याच वेळात" म्हटलं की उभे असलेले लोकसुद्धा परत खाली बसायचे, असं बाबा सांगतात.

सांगतात, कारण मनीला तो आवाज आठवत नाही.

दोन वर्षांत लालचा खेळ आटोपला. काढणाऱ्या कंपनीनेच एका सकाळी हात वर केले. बाबांनी भिंत रंगवली नाही की डब्या फेकल्या नाहीत, फक्त एक शपथ घेतली: निळी डिस्क या उंबऱ्याच्या आत येणार नाही. भाड्याला नाही, दुरुस्तीला नाही, बघायलासुद्धा नाही. दंतवैद्य एकदा मुद्दाम चरे पडलेली निळी डिस्क घेऊन आले, तर बाबांनी ती हातातही घेतली नाही. "डॉक्टर, मी तुमच्याकडे कधी गुडघा दाखवायला आलो का?"

दुरुस्ती हा मात्र बाबांचा मानाचा विषय. काउंटरच्या पलीकडे त्यांचं पॉलिशचं मशीन होतं. डिस्क आत बसवायची, झाकण लावायचं, की पाण्याच्या फवाऱ्याखाली दोन गोल पॅड तिचा वरचा थर घासून काढतात, आणि चरे त्या थराबरोबर निघून जातात. मशीनचा आवाज असा की शेजारच्या इमारतीतली कुत्री उठून जागा बदलायची. भाड्याचा धंदा कधीच संपला होता. आता दुकानात मोबाइलची कव्हरं आणि लॅमिनेशन. तरीही जुनी गाण्यांची नाहीतर लग्नाची डिस्क घेऊन कुणी ना कुणी यायचंच, आणि बाबा बाह्या सरसावून म्हणायचे, "माझ्या हातात आजवर एक डिस्क मेलेली नाही." खोटं नव्हतं ते. एकही मेली नव्हती.

मनी तीन वर्षांची असताना आईच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की जीव वाचेल, पण आवाज जाईल. शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधी बसस्थानकावरच्या तिकीटवाल्या मावशींनी आपल्या भावाला कॅमेरा घेऊन बोलावलं. आई तिच्या घोषणेच्या खोलीत बसली आणि मनीसाठी बावीस मिनिटं बोलली. काय बोलली, ते तिलाच ठाऊक. भावाने डिस्क करून पाठवली, ती निळी.

"लाल नाही का मिळणार?" बाबांनी विचारलं होतं म्हणे.

"दादा, लाल आता कुठे राहिली?" तो म्हणाला.

त्याने स्वतःकडची प्रत जपून ठेवायचं कबूल केलं. पुढे त्याचा कॉम्प्युटर बिघडला, तो परदेशी गेला, आणि ती प्रत कुठे गेली ते त्यालाही सांगता आलं नाही. घरातली डिस्क बाबांनी एका रिकाम्या लाल डबीत घातली आणि कपाटात स्वेटरांच्या खाली ठेवली. शस्त्रक्रियेनंतर आईने तिच्या नव्या पाटीवर पहिल्यांदा जे काही लिहिलं, त्यात हेही होतं: "ती मोठी झाली की तिला दाखवा. मला नको."

पाटी म्हणजे छोटा पांढरा बोर्ड, दोरीला बांधलेलं मार्कर. पण दर वेळी पाटी हाताशी असेलच असं नाही, म्हणून टाळ्या आल्या. दोन टाळ्या म्हणजे इकडे बघा. घराला त्याची इतकी सवय झाली होती की शाळेत कुणी दोनदा टाळी वाजवली तरी मनी मान वळवायची.

या वर्षी शाळेच्या क्रीडास्पर्धांत माइकवर बोलायला मनीला निवडलं. तिसऱ्या घोषणेपासून तिला अशी काही मजा यायला लागली की शेवटी माइक हातातून काढून घ्यावा लागला. खेळाच्या बाई म्हणाल्या, "हा आवाज कुठून आणलास गं?"

आपला आवाज कुणावर गेलाय हे सगळ्यांना सांगता येतं, मनीला येत नव्हतं. त्याच संध्याकाळी ती जेवता जेवता म्हणाली, "मी मोठी झाले."

बाबांचा घास हातातच राहिला. आईने पाटी उचलली, खाली ठेवली, आणि पाणी आणायला उठून गेली. पाणी टेबलावर होतंच.

"प्लेअर कुठे आहे आपल्याकडे?" बाबा म्हणाले.

"डॉक्टरकाकांकडे आहे. ते घर बदलतायत, टाकून देणार आहेत. मी विचारलंय."

"तू विचारलंस? त्यांना?"

"बाबा, बारा वर्षं झाली. लाल मेली, तिचं सुतकसुद्धा फिटलं. आता तरी सोडा की."

रविवारी दुपारी दंतवैद्य स्वतः प्लेअर घेऊन आले. उंबऱ्यावर थांबले. "काय लालशेठ, येऊ दे का आत? सकाळी आंघोळ घातलीये त्याला."

"या डॉक्टर. तुम्ही या, तो येईल मागून," बाबा म्हणाले, आणि कितीतरी वर्षांनी दोघं एकमेकांकडे बघून हसले. दंतवैद्यांनी तारा जोडून दिल्या आणि घरच्यांना एकटं सोडावं म्हणून निघून गेले.

आई स्वयंपाकघरातच थांबली. भांडी घासलेली होती, ती पुन्हा घासत होती.

बाबांनी लाल डबीतून निळी डिस्क काढली. तिच्यावर ढगासारखा एक डाग होता आणि कडेला नखाएवढा चरा. त्यांनी ती ट्रेमध्ये ठेवली. टीव्हीचा पडदा काळा झाला, मग उजळला, आणि समोर एक तरुण बाई बसलेली होती, मनीसारखंच कपाळ, गळ्यावर काही खूण नाही.

"हां, चालू झालं का?" ती म्हणाली. कुणाकडे तरी बघून हसली. घसा खाकरला. "बरं. ऐक गं मने. मी आत्ता तुला..."

आणि चित्राचे चौकोन चौकोन झाले. तोंड उघडं राहिलं. अकरा सेकंद. पुन्हा लावलं, पुन्हा अकरा सेकंद, पुन्हा तोच उघडा ओठ. स्वयंपाकघरातलं पाणी मात्र बंद झालं होतं.

मनीला रडू येत होतं आणि हसूही. तिला वाटलं होतं की आवाज गोड असेल. तो गोड नव्हता. जरासा जाड होता, शेवटी किंचित वर जाणारा, आणि "मने" म्हणताना तर असा काही की तिच्या मानेवर शहारे आले.

"बाबा, पुढचं?"

बाबांनी डिस्क काढून खिडकीच्या उजेडात धरली, तिरकी केली, फुंकर मारली. त्यांचा चेहरा मनीने तसा कधी बघितला नव्हता. बारा वर्षं त्यांच्याकडून काही मागावं असं घरात कुणालाच वाटलं नव्हतं, आणि आज मागितलेली गोष्ट नेमकी त्यांच्या हातची होती.

"एवढंच ना," ते म्हणाले. "चार मिनिटं दे मला."

ते काउंटरची फळी उचलून पलीकडे गेले, फळी खाली टाकली, बाह्या सरसावल्या, डिस्क बसवली. मनी दुकान-घरामधल्या पडद्यापाशी उभी. मशीन सुरू झालं आणि दुकान थरथरायला लागलं.

मागून आई आली ती धावतच. हात ओले होते, पाटी आत टेबलावर राहिली होती. तिने मशीन बघितलं, बाबांची पाठ बघितली, आणि टाळ्या वाजवल्या. दोन. मग आणखी दोन. मग वाजवतच राहिली. मशीनच्या आवाजात त्या ऐकूच येत नव्हत्या, नुसते हात दिसत होते.

मनीने वळून बघितलं. आईचे डोळे भरलेले, हात एकमेकांवर आपटतायत. आनंद, मनीला वाटलं. आईला एवढा आनंद झालेला तिने कधी पाहिलाच नव्हता, तर तो कसा दिसतो हे तिला कुठून कळणार? मग तीही टाळ्या वाजवायला लागली. जोरात, उड्या मारत.

बाबांनी मान वळवली. मायलेकी दोघी टाळ्या वाजवतायत. ते हसले. अंगठा वर केला. आणि बोटाने खूण केली: थांबा, अजून एक हात मारतो, चकचकीत करतो. बटण फिरवून त्यांनी पॅडचा दाब वाढवला.

आईने मनीला बाजूला ढकललं. खरोखर ढकललं, मनीचा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. फळी न उचलताच ती काउंटरखालून वाकून गेली आणि प्लग उपटला.

शांतता झाली तेव्हा फक्त पाणी ठिबकत होतं. आईने लॅमिनेशनच्या कागदांतला एक ओढला, पेन शोधलं, सापडेना, सापडलं. लिहिलं: "निळी आहे ती. सायीवरचं."

बाबांनी ते एकदा वाचलं. मग झाकण उघडलं. डिस्क चकचकीत झाली होती. इतकी स्वच्छ डिस्क मनीने कधी बघितली नव्हती.

प्लेअरने तिच्याकडे बराच वेळ बघितलं आणि "डिस्क नाही" असं दाखवलं. बाबांनी ती काढली, पुसली, घातली. डिस्क नाही. संध्याकाळपर्यंत ते तेच करत राहिले. दंतवैद्य आले, त्यांनीही करून बघितलं, आणि जाताना त्यांच्या तोंडून लालशेठ हे नाव निघालं नाही. दुसऱ्या दिवशी शहरातल्या दुरुस्तीवाल्याने डिस्क भिंगाखाली धरली आणि म्हणाला की वाचायला काही असतं तर वाचलं असतं, इथे लिहिलेलंच उरलेलं नाही.

"पहिल्याच हातात गेली असेल," बाबा परत येताना बसमध्ये म्हणाले. "दुसऱ्याचा काही संबंध नाही. तू टाळ्या वाजवल्यास त्याचा काही संबंध नाही." मनीने विचारलं नव्हतं. बसस्थानकावर उतरले तेव्हा भोंग्यावरून यंत्राचा आवाज गाड्या सांगत होता, आणि बाबा खाली बघत भराभर चालत होते.

त्या आठवड्यात त्यांनी मशीन विकलं नाही की फोडलं नाही. त्याच्यावर एक चादर टाकली. कुणी डिस्क घेऊन आलं तर म्हणायचे, "इथे नाही होत."

मनीकडे अकरा सेकंद होते. ते तिने घट्ट धरून ठेवले. शाळेत जाताना मनात लावायची, हां, चालू झालं का, आणि परत येतानाही. पण गुरुवारी तिच्या लक्षात आलं की "मने" मधला चढ नीट लागत नाहीये. शुक्रवारी तो आवाज खेळाच्या बाईंसारखा वाटला. शनिवारी तिचा स्वतःचाच.

ती स्वयंपाकघरात गेली. आई भाजी निवडत होती. मनी तिच्यासमोर बसली, घसा खाकरला आणि म्हणाली, "बरं. ऐक गं मने." मग जरा जाड करून पुन्हा. मग शेवट वर नेऊन.

"कुठला बरोबर? तुझा कुठला?"

आईने डोळे मिटून ऐकलं. मनीने तिन्ही पुन्हा म्हणून दाखवले. आईने हात पुसले, पाटी घेतली, बराच वेळ मार्कर टेकवून ठेवलं, आणि लिहिलं, "मलाही आठवत नाही."

मनी वाचत होती तोवर आईने पाटी धरून ठेवली. मग पदराने पुसली आणि पुन्हा भाजी पुढे ओढली.